तुटलेला हब आणि "मेंटेनन्स नीट नाही" हा शेरा: मित्सुबिशी मोटर्सची केस

१० जानेवारी २००२, दुपारची वेळ. योकोहामा शहरातल्या सेया भागात एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन रस्त्याच्या कडेने चालली होती. मोठा चार वर्षांचा, धाकटा एक वर्षाचा. त्याच रस्त्याने एक मित्सुबिशीचा ट्रेलर अवजड मशिन लादून चालला होता आणि चालता चालता त्याचं पुढचं डावं चाक निखळलं. नुसतं टायर-रिम नाही, ब्रेक ड्रमसकट अख्खं चाक बाहेर आलं. सुमारे एक मीटर व्यासाचं आणि १४० किलोच्या आसपास वजनाचं ते चाक साधारण ५० मीटर घरंगळत गेलं आणि त्या आईच्या पाठीवर आदळलं. ती २९ वर्षांची होती, ती गेली. मुलं किरकोळ जखमांवर वाचली.

ही केस मी पहिल्यांदा ऐकली ती कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये. भोसरीत गाड्यांचे मशिनिंग केलेले पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये मी क्वालिटीला आहे, बरीच वर्षं झाली, आणि कस्टमरकडून परत आलेला पार्ट हातात घेऊन तो का तुटला हे शोधणं हेच माझं रोजचं काम. त्या दिवसापासून ही केस डोक्यातून जात नाही, म्हणून मिळेल तेव्हा मिळेल ते वाचत गेलो. जपानी म्हणजे क्वालिटी, जपानी म्हणजे कैझेन (रोज थोडी थोडी सुधारणा), असं आपल्याकडे शॉपफ्लोअरवर भिंतीवर लिहिलेलं असतं आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण त्याच देशातली, एवढी जुनी, एवढी इंजिनिअरिंगची परंपरा असलेली कंपनी इथपर्यंत कशी आली हे नीट बघायला हवं. मला जे कळलं ते सगळं एका जागी लिहून काढतोय.

आधी हे नाव किती मोठं होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. इवासाकी यातारो या माणसाने १८७० मध्ये जहाज वाहतुकीचा धंदा सुरू केला, त्यातून मित्सुबिशी उभी राहिली. मित्सु म्हणजे तीन, आणि बिशी म्हणजे शिंगाड्याचं पान, ते चौकटच्या आकाराचं असतं म्हणून तो तीन हिऱ्यांचा लोगो. पुढे जहाजं, खाणी, बँक, विमानं, सगळंच आलं. कोबेच्या जहाज कारखान्यात १९१७ मध्ये त्यांनी मॉडेल ए नावाची कार बनवायला घेतली, फियाटच्या एका गाडीवरून बेतलेली आणि बरीचशी हाताने घडवलेली, जेमतेम २२ गाड्या झाल्या, पण जपानमध्ये मालिकेने बनलेली पहिली कार म्हणून तिचंच नाव घेतात. मित्सुबिशी मोटर्स ही वेगळी कंपनी झाली १९७० मध्ये, मूळ हेवी इंडस्ट्रीजमधून फुटून, आणि लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेच्या क्रायस्लरने तिच्यात १५ टक्के हिस्सा घेतला.

आणि गाड्या खरंच दणकट होत्या. केनियातली सफारी रॅली म्हणजे त्या काळी गाडीचा जीव काढणारी शर्यत, चिखल, धूळ, खड्डे. ती १९७४ ला आणि परत १९७६ ला मित्सुबिशीच्या लान्सरमधून जिंकली जोगिंदर सिंग यांनी, केनियात वाढलेले शीख ड्रायव्हर, ज्यांना फ्लाइंग सिख म्हणायचे. पुढे टॉमी माकिनेनने लान्सर इव्हो घेऊन १९९६ ते १९९९ सलग चार वर्षं जागतिक रॅलीचं ड्रायव्हर विजेतेपद मारलं. डाकार रॅलीत पजेरो एकूण १२ वेळा जिंकली, त्यातली सात वर्षं तर सलग, २००१ ते २००७. हे आकडे मुद्दाम देतोय, कारण ज्या वर्षांत पजेरो वाळवंटात एकामागून एक शर्यती जिंकत होती, नेमक्या त्याच वर्षांत घरी ही सगळी भानगड बाहेर येत होती. म्हणजे इंजिनिअर कमी पडले असं म्हणायला जागाच नाही.

आपल्याकडेही हे नाव पोचलेलं होतं. आयशरचे पहिले ट्रक ऐंशीच्या दशकात पिथमपूरला मित्सुबिशीच्या तंत्रज्ञानावरच निघाले, कँटर नावाने. आज महाराष्ट्रात कांदा भरायला, मांडवाचं सामान न्यायला, देवदर्शनाला जायला लोक "एक आयशर सांगून ठेव" म्हणतात, त्या शब्दाचं मूळ तिथवर जातं. नंतर हिंदुस्थान मोटर्सने १९९८ ला लान्सर आणली, मग पजेरो आली आणि ती पुढाऱ्यांच्या ताफ्यात दिसायला लागली. गावात पजेरो शिरली की कोण आलंय हे बघायला पोरं धावायची. असा दबदबा होता.

आता मुद्द्यावर येतो.

२००० साली जूनमध्ये जपानच्या वाहतूक मंत्रालयाला एक निनावी फोन गेला. माहिती अशी की कंपनी ग्राहकांच्या तक्रारी दोन ठिकाणी ठेवते, काही सरकारला दाखवायच्या, बाकीच्या लपवायच्या. जुलैमध्ये अधिकारी तपासणीला गेले आणि कागद सापडले कुठे, तर कर्मचाऱ्यांच्या कपडे बदलायच्या लॉकर रूममध्ये. लपवायच्या तक्रारींवर इंग्रजी एच अक्षराची खूण मारलेली असायची. कंपनीला कबूल करावं लागलं की हे १९७७ पासून चाललंय, म्हणजे वीस वर्षांहून जास्त. या एका फटक्यात सहा लाखांहून जास्त गाड्यांचं रिकॉल निघालं. अध्यक्ष कात्सुहिको कावासोए यांनी राजीनामा दिला.

इथे जरा थांबून रिकॉलचं सांगतो, कारण आपल्याकडे रिकॉल म्हटलं की लोक नाक मुरडतात, कंपनी खराब आहे म्हणतात, आणि नेमकी हीच भीती या सगळ्याच्या मुळाशी आहे. जपानमध्ये रिकॉलची पद्धत १९६९ पासून आहे. दोष सापडला की कंपनीने स्वतःहून सरकारला कळवायचं, सगळ्या मालकांना बोलवायचं आणि फुकट दुरुस्त करून द्यायचं. सगळी इमारत कंपनीच्या प्रामाणिकपणावर उभी. मित्सुबिशीत काय चालायचं, तर ज्याची तक्रार येईल त्याचीच गाडी गुपचूप दुरुस्त करून द्यायची, सर्व्हिसिंगला आली की पार्ट बदलायचा आणि कुठे वाच्यता करायची नाही. जपानीत याला यामी काइशू म्हणतात, यामी म्हणजे अंधार, अंधारातली दुरुस्ती. ज्याने तक्रार केली त्याची गाडी नीट झाली, पण त्याच बॅचच्या उरलेल्या गाड्या रस्त्यावर तशाच फिरत राहिल्या आणि त्यांच्या मालकांना पत्ताच नाही.

तर २००० साली एवढं सगळं झालं, वाकून माफी मागितली, पुन्हा होणार नाही म्हणून सांगितलं. त्याच वर्षी डेमलर-क्रायस्लरने, म्हणजे जर्मनीची डेमलर आणि ती क्रायस्लर मिळून झालेल्या कंपनीने, ३४ टक्के हिस्सा घेतला, परदेशी व्यवस्थापन आलं. लोकांना वाटलं, चला, धुऊन निघालं. पण ट्रक-बसच्या हबच्या फाइली उघडल्याच गेल्या नव्हत्या.

हब म्हणजे काय ते सांगतो, फोटो नाही म्हणून शब्दांतच. एक्सलच्या टोकाला बेअरिंगवर फिरणारा जाड लोखंडी भाग म्हणजे हब. त्याला टोपीच्या काठासारखा गोल फ्लँज असतो, त्या फ्लँजमध्ये बोल्ट असतात आणि त्या बोल्टवर चाक नटांनी आवळलेलं असतं. गाडीचा भार चाकावर येतो तो या फ्लँजमधूनच. फ्लँज जिथे मधल्या नळीला चिकटतो तो कोपरा सगळ्यात नाजूक, तिथे गोलाई पुरेशी नसेल, जाडी कमी असेल तर प्रत्येक वळणावर, प्रत्येक ब्रेकला तिथे ताण साठतो आणि केसासारखी क्रॅक जाते. ती क्रॅक हळूहळू गोल फिरते. दिसत नाही, चाक वर असतं. एक दिवस फ्लँज नळीपासून सुटतो आणि चाक, ड्रम, सगळं एकत्र निघून जातं.

आणि ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. नट सैल राहिल्याने चाक निघतं तेव्हा नट गळून पडलेले असतात, बोल्टचे आटे चेंबलेले असतात. हब तुटून चाक निघतं तेव्हा नट आहेत तिथेच घट्ट असतात, कारण तुटलंय ते त्यांच्या मागचं. ज्याने दोन-चार तुटलेले पार्ट हातात घेतलेत त्याला हा फरक सांगावा लागत नाही.

सेयाच्या अपघातात हबच तुटला होता. आणि तो पहिला नव्हता. १९९२ पासून हब तुटल्याच्या घटना कंपनीकडे नोंदलेल्या होत्या. जून १९९९ मध्ये हिरोशिमा प्रांतात एक्सप्रेसवेवर चुगोकू जेआर बस कंपनीच्या बसचं चाक असंच हब तुटून निघालं होतं. तेव्हा मंत्रालयाने विचारलं, आणि कंपनीने उत्तर दिलं की ही सुटी घटना आहे, पुन्हा होईल असं नाही, वेगळ्या उपायाची गरज नाही. सेयाची घटना व्हायला अजून अडीच वर्षं होती. अडीच वर्षं!

सेयानंतर आधी संशय गेला ट्रकवाल्याकडे. पोलीस वाहतूक कंपनीच्या मागे लागले, आणि मित्सुबिशीने सांगितलं की हब झिजला होता, चाक जिथे हबला टेकतं तिथली झीज मर्यादेबाहेर गेली की हबवर जास्तीचा ताण येतो आणि तो तुटतो, म्हणजे मालकाने मेंटेनन्स नीट ठेवला नाही. मर्यादा किती, तर ०.८ मिलिमीटर. झीज त्याच्या वर गेली की हब बदला, असं फर्मान काढलं. सगळे ट्रकवाले हब मोजायला लागले, आणि बदलायचा खर्चही त्यांच्याच डोक्यावर. हाच ०.८ चा मुद्दा पुढे करून मंत्रालयाला अहवाल दिला गेला, आणि पुढे कोर्टात तो अहवाल खोटा ठरला.

हा ०.८ चा आकडा मला फार खटकतो. आकडा आला की वाद संपतो, हे आम्ही रोज बघतो. कुणी नुसतं "नीट वापरलं नाही" म्हटलं तर समोरचा भांडतो, पण कागदावर ०.८ मिमी लिहिलं की ते शास्त्र वाटतं, ड्रॉइंगमधून आल्यासारखं वाटतं. आमच्याकडेही एकदा असं झालं होतं, कुठल्या कस्टमरचं ते सांगत नाही. एक ब्रॅकेट सारखा तुटून परत येत होता आणि दर वेळी रिपोर्टमध्ये "ओव्हरलोडिंग" लिहून फाइल बंद होत होती. पाचवा पार्ट आला तेव्हा आमच्या एका जुन्या मिस्त्रींनी, सगळे त्यांना काका म्हणतात, पाचही तुटलेले तुकडे टेबलावर ओळीने मांडले. क्रॅक पाचही ठिकाणी एकाच कोपऱ्यातून निघालेली. काका म्हणाले, "अरे, पाच वेगळ्या ड्रायव्हरांनी एकाच ठिकाणी कसं ओव्हरलोड केलं?" दोष डायमध्ये, म्हणजे पार्टच्या साच्यात होता, कोपऱ्याची गोलाई झिजून गेली होती. ते तुकडे ओळीने मांडायला पाच मिनिटं लागली असतील. मित्सुबिशीच्या ऑफिसात कुणीतरी ते हब असे ओळीने मांडले असते तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

सेयाच्याच वर्षी, २००२ मध्ये, १९ ऑक्टोबरला यामागुची प्रांतात दुसरा मृत्यू झाला. यात हब नव्हता. क्लच हाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचं लोखंडी कवच फुटलं, इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, प्रोपेलर शाफ्ट, निखळला, त्याने ब्रेकच्या लाइन तोडल्या, ब्रेक गेले आणि ट्रक धडकून ड्रायव्हर ठार झाला. या दोषाचीही कंपनीला आधीपासून माहिती होती आणि इथेही तीच अंधारातली दुरुस्ती चालू होती. २००० च्या माफीच्या वेळी ही माहितीसुद्धा बाहेर आली नव्हती. त्या वेळी सगळं उघडलं असतं तर हा ड्रायव्हर आणि ती आई, दोघंही घरी पोचले असते. मी हे वाक्य तीनदा लिहून खोडलं, पण दुसरं काही लिहिता येत नाही.

मार्च २००४ मध्ये शेवटी मित्सुबिशी फुसोने, म्हणजे २००३ मध्ये वेगळ्या झालेल्या ट्रक-बसच्या कंपनीने, मान्य केलं की हबचं डिझाइनच कमजोर होतं. सुमारे १ लाख १२ हजार गाड्यांचं रिकॉल झालं. मे महिन्यात फुसोचे माजी चेअरमन ताकाशी उसामी आणि इतरांना अटक झाली, जूनमध्ये यामागुची प्रकरणात कावासोए यांना. एप्रिलमध्येच डेमलर-क्रायस्लरने आणखी पैसे घालायला नकार दिला होता. जपानमधली विक्री एवढी कोसळली की त्या मे महिन्यात आदल्या वर्षाच्या निम्मीही राहिली नाही. कंपनी बुडायचीच, पण मित्सुबिशी घराण्यातल्या मोठ्या भावंडांनी, हेवी इंडस्ट्रीज, ट्रेडिंग कंपनी आणि बँक यांनी पैसे ओतून ती उचलून धरली. हे चांगलं की वाईट यावर माझं स्पष्ट मत आहे: नोकऱ्या वाचल्या ते बरंच झालं, पण आपलं घराणं आपल्याला पडू देणार नाही ही खात्री असली की आतली भीती मरते, आणि ती मेलेली होती म्हणूनच वीस वर्षं लॉकरमध्ये कागद साठले.

कोर्टाचं सांगतो. खोट्या अहवालाच्या खटल्यात २००६ साली खालच्या कोर्टाने सगळ्यांना सोडलं, मग २००८ मध्ये टोकियो हायकोर्टाने ते फिरवून दोषी धरलं, दंड दोन-दोन लाख येन. त्यात एखादी जुनी मोटारसायकल येईल. सेयाच्या मृत्यूबद्दल क्वालिटी विभागाच्या दोन माजी अधिकाऱ्यांना निष्काळजीपणाची शिक्षा झाली, तीही स्थगित, म्हणजे तुरुंगात जायची वेळ आली नाही. यामागुची प्रकरणात जानेवारी २००८ मध्ये कावासोए यांना तीन वर्षांची शिक्षा, पाच वर्षं स्थगित. सेयाचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये शिक्षा कायम झाली. त्या निकालातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. हब हा गाडी चालू असताना तुटेल असं मुळी गृहीतच धरायचं नसतं असा सुरक्षेचा पार्ट आहे, असं कोर्टाने म्हटलं. म्हणजे तो तुटला की आधी बनवणाऱ्याने स्वतःकडे बघायचं, हाच त्याचा अर्थ. शिक्षा झालेले दोघं क्वालिटीचे, म्हणजे आमच्याच खुर्चीवर बसणारे. त्यांच्या टेबलावर १९९९ चा बसचा कागद आला होता.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. नाही संपलं.

एप्रिल २०१६. अध्यक्ष तेत्सुरो आइकावा पुन्हा कॅमेऱ्यांसमोर वाकले. या वेळी विषय मायलेजचा. ईके वॅगन ही छोटी गाडी मित्सुबिशी स्वतः विकायची आणि निसानलाही बनवून द्यायची, निसान ती डेझ नावाने विकायची. एकूण ६ लाख २५ हजार गाड्या, त्यातल्या ४ लाख ६८ हजार निसानच्या. पुढचं मॉडेल तयार करताना निसानच्या लोकांनी स्वतः मोजलं आणि आकडे जुळेनात, तिथून हे बाहेर आलं.

गाडीला हवेचा आणि टायरचा अडथळा किती होतो तो आकडा टेस्टमध्ये भरावा लागतो. तो काढायला गाडी वेगात न्यायची, न्यूट्रल करायची आणि वेग दर दहा-दहा किलोमीटरने उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. जपानच्या कायद्यातली पद्धत ही. मित्सुबिशी १९९१ पासून वेगळीच पद्धत वापरत होती, आणि या गाड्यांमध्ये तर सोयीचे कमीत कमी आकडे निवडून भरले गेले. का, तर स्पर्धक कंपनीची गाडी जास्त मायलेज सांगायची, म्हणून ईकेचं टार्गेट २०११ ते २०१३ मध्ये पाच वेळा वाढवलं, लिटरला २६.४ वरून २९.२ किलोमीटर. वरून टार्गेट वाढत गेलं आणि खाली कुणी "होणार नाही" म्हणू शकलं नाही.

चौकशी समितीच्या अहवालात एक गोष्ट आहे. २००५ साली कंपनीत नव्याने लागलेल्या एका कर्मचाऱ्याने, नवीन मुलांना प्रेझेंटेशन द्यायला लावतात त्यात, सगळ्यांसमोर सांगितलं होतं की आपण कायद्यात दिलेल्या पद्धतीने टेस्ट करायला हवी. ऐकणारे वरिष्ठ होते. काही बदललं नाही. अकरा वर्षं तशीच गेली. मला त्या मुलाचं नाव माहीत नाही, पण आमच्याकडे नवीन डिप्लोमाचा पोरगा आला की त्याची आठवण येते. नवीन माणसाला चूक दिसते कारण त्याला अजून सवय झालेली नसते.

शेअर आपटला, ओकायामाजवळच्या मिझुशिमाच्या प्लांटमध्ये या गाड्यांची लाइन बंद पडली, मालकांना प्रत्येकी १ लाख येन भरपाई जाहीर झाली, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये निसानने २३७ अब्ज येन देऊन ३४ टक्के हिस्सा घेतला. ज्यांनी चूक पकडली तेच मालक झाले. १९१७ ला पहिली कार काढणारी कंपनी, शंभर वर्षं व्हायला एक कमी असताना, दुसऱ्याच्या हाताखाली गेली.

आता कंपनी दरवर्षी १० जानेवारी आणि १९ ऑक्टोबर हे दोन दिवस पाळते, सेया आणि यामागुचीचे. ओकाझाकीत त्यांनी चुकांमधून शिकायची म्हणून एक खोली केलीय २०१८ मध्ये, तिथे रिकॉल लपवल्याचं आणि मायलेजचं सगळं मांडलंय आणि कर्मचाऱ्यांना तिथे नेऊन दाखवतात. मला हे मनापासून पटलं. जे लॉकर रूममध्ये दडवलं होतं ते आता खोलीत मांडून ठेवलंय.

आमच्या युनिटमध्ये काकांच्या त्या ब्रॅकेटनंतर एक छोटा बदल झाला. कस्टमर कंप्लेंटच्या फॉर्मवर "वापरणाऱ्याची चूक" असा एक चौकोन आहे. त्यावर टिक करायची असेल तर आधीचे त्याच नंबरचे सगळे तुटलेले पार्ट रॅकमधून काढून टेबलावर मांडायचे आणि त्यांचा फोटो फॉर्मला जोडायचा. गेल्या महिन्यात नवीन पोरगा फॉर्म घेऊन आला, टिक केलेली, फोटो नाही. मी काही बोललो नाही, रॅककडे बोट दाखवलं. तो गेला आणि तीन तुकडे घेऊन परत आला, ओळीने ठेवले आणि बराच वेळ वाकून बघत राहिला. मग त्याने ती टिक खोडली.